बॉस्टनची प्रश्नपत्रिका

शाळेचा निकाल किती टक्के लागला, हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा विचारला असेल, हे सहसा मनात येत नाही. परीक्षा ही गोष्ट जुनीच आहे. चीनमध्ये सरकारी नेमणुकांसाठी लेखी परीक्षा शतकानुशतके चालत होत्या. पण एका शहरातल्या सगळ्या सार्वजनिक शाळांना एकच छापील प्रश्नपत्रिका द्यायची, उत्तरे गोळा करायची, त्यांवरून प्रत्येक शाळेचा आकडा काढायचा आणि तो कर भरणाऱ्या नागरिकांपुढे ठेवायचा, ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर प्रथम अमलात आली बॉस्टन शहरात, १८४५ च्या उन्हाळ्यात. हा प्रसंग आपण जरा सविस्तर पाहणार आहोत. निकालांवरून आज आपण जे जे वाद घालतो, त्यांतले बहुतेक सगळे त्या एका उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तिथे घालून झाले होते.

त्या काळी बॉस्टनला आपल्या सार्वजनिक शाळांचा फार अभिमान होता. शाळा नगराच्या पैशाने चालत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला नागरिकांनी निवडून दिलेली शाळा समिती असे. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ज्या शाळा होत्या, त्यांना ग्रामर स्कूल म्हणत. यांची रचना आपल्याला चमत्कारिक वाटेल. बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन मुख्य शिक्षक असत. एकाकडे व्याकरण, वाचन, भूगोल. दुसऱ्याकडे लेखन आणि गणित. मुले अर्धा दिवस एकाकडे आणि अर्धा दिवस दुसऱ्याकडे. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याच्या हाताखाली नाही, त्यामुळे शाळेची एकूण जबाबदारी कोणाची हे सांगता येणे अवघड.

समितीचे सदस्य वर्षातून एकदा शाळा तपासायला येत. तपासणी तोंडी असे. शंभरदीडशे मुले समोर, वेळ थोडा. प्रश्न बहुधा शिक्षकच विचारत, आणि कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हेही तेच ठरवत. वर्षाच्या शेवटी समारंभ होई. बेंजामिन फ्रँकलिनने मृत्युपत्रात बॉस्टनच्या शाळांसाठी शंभर पौंड ठेवले होते, त्यांच्या व्याजातून हुशार मुलांना पदके मिळत. पालक टाळ्या वाजवत आणि सर्वजण समाधानाने घरी जात. आपल्याकडेही सार्वजनिक तोंडी परीक्षेची पद्धत होतीच. जोतीराव फुल्यांच्या शाळांची अशी परीक्षा १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुण्यात झाली, तेव्हा ती पाहायला लोकांनी गर्दी केली होती. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतली मुले शिकू शकतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसणे तिथे फार महत्त्वाचे होते. म्हणजे तोंडी परीक्षा निरुपयोगी होती असे नाही. तिच्यातून मूल काय करू शकते हे दिसते. शाळेतल्या सगळ्या मुलांना काय येते, हे मात्र दिसत नाही.

आता या गोष्टीत होरेस मॅन येतो. हा मूळचा वकील. १८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नव्या शिक्षण मंडळाचा सचिव झाला. त्याच्या हातात अधिकार जवळजवळ नव्हते, पण दरवर्षी अहवाल लिहायचा होता आणि तो लिहिण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. १८४३ मध्ये मॅन युरोपात जाऊन शाळा पाहून आला. परतल्यावर लिहिलेल्या सातव्या अहवालात त्याने प्रशियाच्या शाळांची मनसोक्त स्तुती केली. तिथले शिक्षक हातात पुस्तक न धरता उभे राहून शिकवतात, मुलांशी बोलतात, छडी वापरत नाहीत, मुले घाबरत नाहीत, असे त्याने लिहिले. बॉस्टनच्या शिक्षकांचे नाव घेऊन काही म्हटले नव्हते, पण लेकी बोले सुने लागे असा प्रकार होता. शहरातल्या ३१ शिक्षकांनी १८४४ मध्ये त्याच्या अहवालाला उत्तर म्हणून एक जाड पुस्तिकाच छापली. मॅनने तिला उत्तर दिले. शिक्षकांनी त्या उत्तराला उत्तर दिले. शिस्त छडीने की प्रेमाने, वाचन अक्षरांपासून की शब्दांपासून, अशा वादांत दोन्ही बाजू एकमेकांच्या अब्रूवर घसरल्या.

वादाने काही निष्पन्न होईना, तेव्हा मॅनच्या मित्रांनी दुसरा मार्ग धरला. डॉक्टर सॅम्युअल ग्रिडली हाउ हा त्याचा जिवलग मित्र. बॉस्टनमधल्या अंधांच्या शाळेचा तो प्रमुख होता. लॉरा ब्रिजमन या अंध आणि बहिऱ्या मुलीला त्याने भाषा शिकवली, त्यामुळे त्याचे नाव युरोपपर्यंत पोहोचले होते. हाउ शाळा समितीवर निवडून आला आणि १८४५ च्या वार्षिक तपासणीच्या उपसमितीत थिओफिलस पार्सन्स आणि रॉलिन नील यांच्याबरोबर त्याची नेमणूक झाली. लेखन-गणित विभागासाठी आणखी तिघे होते. दरवर्षीची ठरलेली, कोणी फारशी मनावर न घेणारी तपासणी या वेळी वेगळी होणार होती, हे शिक्षकांना कोणी सांगितले नव्हते.

हे तपशील देण्याचे कारण आहे. ही परीक्षा कोणा तटस्थ संशोधकाने निव्वळ कुतूहलापोटी घेतलेली नव्हती. चालू भांडणातले ते एक हत्यार होते. ज्यांना शाळा वाईट आहेत असे आधीच वाटत होते, त्यांनीच प्रश्न काढले आणि त्यांनीच उत्तरे तपासली. तरीही त्यांनी जे केले ते पद्धत म्हणून त्या काळाच्या कितीतरी पुढे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि शाळांच्या मोजमापाच्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते.

एक तास, एक कागद

परीक्षा अशी झाली. समितीचे सदस्य सकाळी अचानक शाळेत येत. मुलांना अंतर राखून बसवत. छापील प्रश्न वाटत. एका विषयाला एक तास. शिक्षकाने मदत करायची नाही, मुलांनी आपसांत बोलायचे नाही. तास संपला की कागद गोळा करून पुढच्या शाळेकडे घाई करायची, कारण प्रश्न फुटण्याची भीती तेव्हाही होती. विषय होते इतिहास, भूगोल, व्याकरण, शब्दार्थ, भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र. शिवाय लेखन आणि गणित. प्रश्न मुलांच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांवरूनच काढले होते.

परीक्षेला बसली ती त्या शाळांतल्या वरच्या वर्गांतली निवडक ५३० मुले. ग्रामर शाळांत एकूण सात हजारांहून अधिक मुले शिकत होती. म्हणजे शंभरातली साधारण सात, आणि तीही सगळ्यांत तयार मानलेली.

निकाल पाहून समितीचे सदस्यही हबकले. सगळ्या मुलांची मिळून ५७,८७३ उत्तरे अपेक्षित होती. प्रत्यक्षात लिहिली गेली ३१,१५९. त्यांतली बरोबर निघाली १७,२१६. सदस्यांनी चुकाही मोजल्या होत्या: शुद्धलेखनाच्या ३,७३३, व्याकरणाच्या २,८०१ आणि विरामचिन्हांच्या ३५,९४७. उन्हाळाभर बसून पस्तीस हजार स्वल्पविराम आणि पूर्णविराम मोजणाऱ्या या माणसांच्या चिकाटीला हात जोडावेत की त्यांची कीव करावी, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहू. वर्गात विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. अपेक्षित उत्तरांशी तुलना केली तर बॉस्टनचा निकाल सुमारे ३० टक्के येतो. लिहिलेल्या उत्तरांशी केली तर सुमारे ५५ टक्के. कागद तेच, मुले तीच. पहिल्या आकड्यात मुलाला न आलेले आणि त्याने न लिहिलेले एकत्र मोजले जाते. एका तासात न संपणारी प्रश्नपत्रिका असेल, तर पहिला आकडा ज्ञानाबरोबर लिहिण्याचा वेगही मोजतो. आयुष्यात पहिल्यांदाच छापील प्रश्नपत्रिका पाहणारे तेरा-चौदा वर्षांचे मूल गोंधळले असेल, तर तो गोंधळही त्यातच आला. समितीला शाळा किती वाईट आहेत हे दाखवायचे होते, तेव्हा तिला कोणता आकडा जवळचा वाटला असेल हे सांगायला नको. छेद कोणता घ्यायचा, हा प्रश्न आजही कोणत्याही निकालपत्रकातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे.

दुसरा घोटाळा निवडीचा. परीक्षेला बसणारा वर्ग सगळ्या शाळांत सारख्या रीतीने तयार झालेला नसेल, तर शाळाशाळांतली तुलना कशाची? ज्या शिक्षकाने मोजकीच हुशार मुले वरच्या वर्गात घेतली, त्याची सरासरी चढणार. ज्याने कच्च्या मुलांनाही वर नेले, त्याची उतरणार. दुसरा शिक्षक कदाचित अधिक चांगला असेल, पण तक्त्यात तो खाली दिसेल. तक्त्याच्या रकान्यात हे मावत नाही.

पण समितीचे सगळ्यांत मोलाचे काम तक्त्यांत नव्हतेच. कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना मुले अडखळतात, याचा तिने बारकाईने विचार केला. इतिहासात जेफरसनच्या काळातल्या व्यापारबंदीवर प्रश्न होता. हा १८०७ चा कायदा. बॉस्टनच्या बंदराचे त्याने कंबरडे मोडले होते. परीक्षेला बसलेल्या कितीतरी मुलांच्या आजोबांनी ते सोसले होते. मुलांना तारीख लिहिता येत होती, पण ही व्यापारबंदी म्हणजे नेमके काय, हे त्यांतल्या अनेकांना सांगता आले नाही. भूगोलात एक साधा प्रश्न होता: ईरी सरोवराचे पाणी ऑन्टॅरिओ सरोवरात जाते की ऑन्टॅरिओचे ईरीत? सरोवरांची नावे पाठ असून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण त्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणून उंचसखल भागाचा विचार करावा लागतो. मुले पुस्तकातले शब्द जसेच्या तसे परत देतात, पण त्या शब्दांमागची वस्तू त्यांच्या मनात नसते, असा समितीचा निष्कर्ष होता. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे वर्गात कधी ना कधी अनुभवले आहे.

मॅनला अर्थातच आनंद झाला. त्याने आपल्या ‘कॉमन स्कूल जर्नल’मध्ये निकाल छापले आणि लेखी परीक्षेचे फायदे एकामागून एक सांगितले. सगळ्यांना एकच प्रश्न, म्हणून न्याय. शिक्षकाला मध्ये तोंड घालता येत नाही. तपासनीसावर पक्षपाताचा आरोप होत नाही. आणि उत्तरे कागदावर राहतात, त्यामुळे ती कोणीही, केव्हाही पाहू शकतो. छायाचित्रणाची पहिली पद्धत, डागेरोटाइप, १८३९ मध्ये जगापुढे आली होती. मुलाच्या मनाचे असेच एक चित्र या परीक्षेने निघते आणि ते सर्वांना दाखवण्यासाठी बाहेर नेता येते, अशी उपमा मॅनने दिली. उपमा सुरेख आहे. पण छायाचित्र काढताना मूल हलले तर चित्र पुसट येते, आणि चित्र निघणार हे आधीच माहीत असले तर मूल केस विंचरून येते, हे त्याने लिहिले नाही.

परिणाम लगेच झाले. काही मुख्य शिक्षकांना हटवले गेले. शिक्षक आणि त्यांचे समर्थक चिडले. प्रश्न कठीण होते, वेळ अपुरा होता, परीक्षक पूर्वग्रहदूषित होते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. १८४६ मध्ये परीक्षा पुन्हा घेतली गेली. पुढे मात्र इतका खटाटोप दरवर्षी करण्याचा उत्साह ओसरला. शाळांवर देखरेख ठेवायला पगारी अधिकारी हवा, ही समितीची मागणी तेवढी टिकली. १८५१ मध्ये बॉस्टनने शिक्षण अधीक्षकाचे पद निर्माण केले.

तक्त्यातली शेवटची शाळा

एक शाळा राहिली. बॉस्टनमध्ये काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा होती, एबिएल स्मिथ या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभी राहिलेली. १८४५ च्या परीक्षेत स्मिथ शाळेचा निकाल फार वाईट लागला. आता या आकड्याचा अर्थ काय लावायचा? त्या काळी बऱ्याच गोऱ्या लोकांनी जो लावला असता, तो उघड आहे. समितीच्या सदस्यांनी मात्र बोट शिक्षकाकडे दाखवले: त्याचा आपल्या विद्यार्थ्यांच्या कुवतीवरच विश्वास नाही, अशा अर्थाची टीका त्यांनी केली. काळे पालक हे आधीपासून सांगत होते. १८४४ मध्येच त्यांनी त्या मुख्य शिक्षकाविरुद्ध तक्रार केली होती. मुलांना तो क्रूर शिक्षा करतो आणि त्यांच्या बुद्धीबद्दल हीन बोलतो, असा त्यांचा आरोप होता. तेव्हा समितीने त्याला पदावर कायम ठेवले. पालकांच्या शब्दाने जे हलले नाही, ते आकड्याने हलले.

पण पालकांचे म्हणणे त्याहून पुढचे होते. शिक्षक बदला एवढेच नव्हे, वेगळी शाळाच नको, असे ते म्हणत होते. बेंजामिन रॉबर्ट्स या काळ्या मुद्रकाची पाच वर्षांची मुलगी सारा हिला घरापासून स्मिथ शाळेपर्यंत जाताना गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. त्याने बॉस्टन नगरावर दावा लावला. रॉबर्ट मॉरिस हा काळा वकील आणि हाउचा मित्र चार्ल्स समनर यांनी तो चालवला. १८५० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला. रॉबर्ट्स आणि त्याच्या सोबत्यांनी सह्यांच्या मोहिमा चालू ठेवल्या, आणि १८५५ मध्ये राज्याच्या कायद्याने बॉस्टनमधल्या शाळांतला वर्णभेद बंद केला. स्मिथ शाळा त्याच वर्षी बंद झाली. तिच्या इमारतीत आज आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे संग्रहालय आहे. शाळेचा आकडा वाईट आहे, एवढे परीक्षेने सांगितले. ती शाळा असावी का, हे परीक्षेला सांगता येण्यासारखे नव्हते. ते रोज मुलांना चालत पाठवणाऱ्या पालकांना माहीत होते.

बॉस्टननंतर लेखी परीक्षा अमेरिकेतल्या शहराशहरांत पसरल्या. त्यातला एकच किस्सा सांगतो. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहराने १८७३ मध्ये सॅम्युअल किंग याला पहिला शिक्षण अधीक्षक नेमले. त्याने सगळ्या वर्गांना एकच काटेकोर अभ्यासक्रम आखून दिला आणि वर्षअखेर परीक्षा घेतली. २१ वर्गांपैकी फक्त ६ वर्गांत निम्म्याहून अधिक मुले उत्तीर्ण झाली. ७ वर्गांत एकही नाही. किंग एवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रत्येक मुलाचे नाव, शाळा आणि गुण वर्तमानपत्रात छापले. पालक खवळले, शिक्षक खवळले. १८७७ मध्ये किंगने राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेल्या अधीक्षकाने नावे छापण्याची पद्धत बंद करून टाकली. हे वाचताना आपल्याकडच्या काही खाजगी शिकवणीवर्गांच्या जाहिराती आठवतात. फरक इतकाच की तिथे फक्त पहिल्या आलेल्यांची नावे असतात.

इंग्लंडने याच काळात वेगळी वाट धरली आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली. १८६२ मध्ये रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने तिथे निकालानुसार अनुदानाचे नियम आले. प्रत्येक मुलामागे हजेरीचे चार शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांत उत्तीर्ण झाल्यास प्रत्येकी दोन शिलिंग आठ पेन्स. मूल एका विषयात नापास झाले की तेवढे पैसे शाळेचे गेले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हा शाळा तपासनीस होता. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होते, असे तो अहवालांतून सांगत राहिला. मुलांना वाचनाचे पुस्तक एवढे पाठ होई की पुस्तक उलटे धरले तरी चालेल, अशा गोष्टी त्या काळच्या लिखाणात सापडतात. मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात खाजगी शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली.

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात या पद्धतीवरही मत दिले आहे. गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षणाची गोडी निर्माण झालेली नाही, तोवर निकालावर पैसे देण्याची पद्धत त्यांच्या उपयोगाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जोखमीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल, असा त्यांचा मुद्दा होता. आम्हाला हे निरीक्षण फार खोल वाटते. आर्नल्डचा आक्षेप वर्गात काय बिघडते यावर आहे. फुले सांगतात की वर्ग सुरूच होणार नाही. ज्या मुलाला शिकवणे कठीण, त्याच्यावर पैसे लावायला कोणी तयार होणार नाही, आणि शाळेबाहेर राहिलेले मूल कोणत्याच निकालपत्रकात दिसत नाही.

बॉस्टनचे जुने प्रश्न १९२३ मध्ये पुन्हा बाहेर निघाले. ओटिस कॉल्डवेल आणि स्टुअर्ट कर्टिस या दोघांनी १८४५ च्या प्रश्नांतले निवडक प्रश्न आपल्या काळातल्या शाळकरी मुलांना दिले आणि १९२४ मध्ये पुस्तक लिहिले. निव्वळ स्मरणाच्या प्रश्नांत जुनी मुले थोडी सरस ठरली. अर्थ आणि विचार यांच्या प्रश्नांत नवी. शाळा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी ही चांगली माहिती आहे. अर्थात १८४५ ची मुले निवडक होती आणि १९२३ च्या शाळांत सर्व थरांतली मुले आली होती, हे विसरून चालणार नाही.

खोडरबराच्या खुणा

लहान कपातल्या गरम पाण्यात मोठा, गार तापमापक बुडवला तर पाणीच थोडे निवते, आणि तापमापक दाखवतो ते पूर्वीचे तापमान नसते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मोजण्याने मोजलेली वस्तू बदलते. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये समाजातल्या आकड्यांबाबत असेच काहीसे मांडले: एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढेल, आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायचे होते तीही बिघडेल. फरक असा की कपातल्या पाण्याला तापमापकाची भीती वाटत नाही.

अटलांटा शहरात हे फार दुःखद रीतीने घडले. अमेरिकेत २००२ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेतल्या तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी परीक्षा सुरू झाली आणि लक्ष्य न गाठणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद आली. अटलांटाच्या शाळांचे निकाल डोळे दिपवणारे होते. तिथल्या अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम अधीक्षकाचा सन्मान मिळाला. संशय आला तेव्हा तपास झाला तो खोडरबराच्या खुणांवरून. उत्तराची वर्तुळे यंत्राने वाचली जातात आणि पुसलेल्या वर्तुळाची फिकट खूणही यंत्राला दिसते. मूल उत्तर बदलते तेव्हा कधी चुकीचे बरोबर होते, कधी बरोबरचे चुकीचे. राज्यभरातल्या वर्गांत चुकीचे पुसून बरोबर केलेल्या उत्तरांची सरासरी काढली, आणि तिच्यापासून तीन प्रमाण विचलनांहून दूर असलेले वर्ग वेगळे काढले. योगायोगाने असा वर्ग हजारात एखाद-दुसरा सापडावा. काही शाळांत वर्गामागून वर्ग तसे निघाले.

२०११ च्या चौकशी अहवालानुसार तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाले होते, आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गुंतले होते. त्यांतल्या ८२ जणांनी कबुली दिली. काही शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून मुलांची उत्तरे बदलली होती. नोकरी जाईल, अपमान होईल, या भीतीने आपण तसे केले, असे अनेकांनी सांगितले. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. बेव्हर्ली हॉल यांच्यावरही आरोप होते, ते त्यांनी नाकारले होते. खटला चालण्याआधीच त्या वारल्या. या सगळ्यात ज्या मुलाला वाचता येत नव्हते, त्याच्या कागदावर ‘येते’ असे उमटले, आणि म्हणून त्याला मिळायची जादा मदत मिळाली नाही. निकालपत्रकात त्याची तक्रार लिहायला रकाना नव्हता.

याच अमेरिकेत आणखी एक परीक्षा १९६९ पासून चालते, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. ती राष्ट्रीय पातळीवरची नमुना पाहणी आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा आणि मुले निवडतात. एका मुलाला सगळे प्रश्न देत नाहीत. प्रश्नांचे गठ्ठे करून प्रत्येकाला थोडेच देतात. त्यामुळे मुलाचा तासच जातो, पण हजारो मुलांची उत्तरे जोडली की सबंध विषयाचे चित्र मिळते. कोणत्या मुलाला किती गुण हे काढतच नाहीत, आणि शाळेचा आकडाही जाहीर होत नाही. त्यामुळे कोणाला घाबरण्याचे किंवा उत्तरे बदलण्याचे कारण उरत नाही. सुरुवातीला ही पाहणी देशापुरती होती, मग राज्यांची झाली. २००२ मध्ये ती काही मोठ्या शहरांसाठी स्वतंत्रपणे सुरू झाली. अटलांटा त्या पहिल्या सहा शहरांत होते. विशेष म्हणजे या पाहणीतही अटलांटाच्या मुलांची प्रगती झालेली दिसते, बोभाटा झालेल्या आकड्यांइतकी मोठी नाही, पण खरी. शिक्षकांनी शिकवले होते. तेवढे सांगून कोणाचे समाधान झाले नव्हते.

२००३ मध्ये आणखी काही शहरे या पाहणीत आली. त्यांत बॉस्टन होते. तिथल्या चौथीच्या आणि आठवीच्या काही मुलांपुढे तेव्हापासून दर थोड्या वर्षांनी एक प्रश्नपत्रिका येते. ती सोडवून मुले आपल्या वर्गात परत जातात, आणि त्यांच्या शाळेचे नाव कुठल्याही तक्त्यात छापले जात नाही.